आधी पट्ट्याचा कल, मग कुंपण

चकली मऊ का पडते आणि अनारशाला जाळी का सुटत नाही, याची चर्चा ज्या दिवसांत घरोघर चालते, त्या दिवसांत मी करवतीच्या कुंपणाविषयी लिहिणार आहे, हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी कपाळाला हात लावला. "अहो, लोक फराळाचं ताट पुढं घेऊन अंक उघडतात. त्यांच्या ताटात लाकडाचा भुसा कशाला वाढता?" आक्षेप रास्त आहे. तरीही वाचकहो, ज्यांच्या गावच्या घरात अजून एखादी जुनी तुळई आहे, आजीचं मोडकं फडताळ आहे, किंवा ज्यांना कधीकाळी सुताराकडून काही करून घ्यायचं आहे, त्यांनी तरी चार पानं माझ्याबरोबर यावं. भुसा अंगावर उडणार नाही एवढी काळजी मी घेईन.

पहिला प्रश्न तुम्ही विचारणारच. करवतीला कुंपण कशाला? ती काय शेजाऱ्याच्या रानात चरायला जाते?

जाते! तीच तर तिच्याबद्दलची मुख्य तक्रार आहे.

मी म्हणतो ती करवत म्हणजे पट्ट्याची करवत. सुतार मंडळी तिला बँडसॉ म्हणतात, आणि वखारीत आरा मशीन म्हणून जी असते ती हिचीच थोरली बहीण. एकावर एक अशी दोन चाकं, त्यांच्यावरून फिरणारा एका कडेला दात असलेला पोलादी पट्टा, आणि मधोमध एक बिडाचं टेबल. चाकं फिरू लागली की पट्टा टेबलातून वरून खाली धावतो आणि आपण लाकूड पुढं सरकवलं की ते चिरत जातं. आता जाड ओंडक्यातून एकसारख्या जाडीची फळी काढायची तर लाकडाला कशाचा तरी टेका हवा. म्हणून पट्ट्याच्या शेजारी टेबलावर एक सरळ भिंत उभी करतात. पट्टा आणि भिंत यांत जेवढं अंतर, तेवढी फळीची जाडी. या भिंतीला इंग्रजीत फेन्स म्हणजे कुंपण म्हणतात, आणि आपल्याकडचे सुतारही फेन्सच म्हणतात.

हे यंत्र येण्यापूर्वी लाकूड चिरायचं म्हणजे दोन माणसांचं काम होतं. ओंडका उंचावर ठेवायचा, एकानं त्याच्यावर उभं राहायचं, एकानं खाली, आणि दोघांनी मिळून लांबलचक आरा वरखाली ओढायचा. खालच्याच्या डोळ्यांत दिवसभर भुसा! पट्ट्याच्या करवतीचं पेटंट विल्यम न्यूबेरी नावाच्या इंग्रजानं 1808 साली घेतलं. पण पट्ट्याची दोन टोकं जोडायची कशी, हे कोडं सुटेना. चाकावर वळताना जोड तुटायचा. ते कोडं सोडवलं एका फ्रेंच बाईंनी. ॲन पॉलिन क्रेपँ हे त्यांचं नाव. टोकं वितळवून जोडण्याच्या पद्धतीसाठी त्यांनी 1846 साली पेटंटचा अर्ज केला आणि पुढं पॅरिसच्या पेरँ कंपनीनं तो हक्क विकत घेतला. तेव्हापासून पट्टा टिकू लागला. घरातल्या तुटलेल्या गोष्टी सांधण्याचं काम शेवटी बायकांच्याच वाट्याला येतं, यावर आमच्या सौभाग्यवतींची टिप्पणी मी इथं देत नाही.

आता हे सारं मला कळलं कुठं, तर पाटोद्याला.

पाटोदा हे बीड जिल्ह्यातलं, बालाघाटाच्या डोंगरावरचं तालुक्याचं गाव. मांजरा नदी याच तालुक्यात उगम पावते. सौताड्याला रामेश्वराच्या दरीत विंचरणेचा धबधबा कोसळतो. पावसाळ्यात पाहावं तर डोळे निवतात. पण पाऊस सरला की पाण्याची ओरड सुरू, आणि दसरा झाला की कोयते बांधून या भागातली हजारो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नि कर्नाटकात निघतात. दिवाळी अनेकांची फडावरच होते.

या गावी आमचं वडिलांचं घर होतं, माळवदाचं. ज्यांनी माळवद पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. जाड दगडमातीच्या भिंती, त्यांच्यावर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचन आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. असं सपाट छप्पर मराठवाड्यात गावोगाव असे. उन्हाळ्यात खाली गारवा, रात्री वर निजायला जागा. आमच्या घराची पश्चिमेची भिंत फुगली, तेव्हा ते उतरवून घेण्यावाचून इलाज राहिला नाही. गेल्या उन्हाळ्यात ते उतरवलं.

आम्ही चार भावंडं. थोरले दादा, मग आक्का, मग मी, आणि शेंडेफळ माई. जागेच्या वाटण्या कागदावर झाल्या. 2005 सालच्या दुरुस्तीनं कायद्यानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क दिला आहे. पण आमच्याकडं अजूनही बहिणी हक्कसोडीच्या कागदावर सही करून मोकळ्या होतात. दादांनी मात्र ते होऊ दिलं नाही. चार नावं, चार वाटे. उरलं ते लाकूड. कड्यांना वाळवी लागली होती. माजघरावरची एक सागवानी तुळई तेवढी चांगली निघाली. किडकी टोकं टाकून नऊ फूट लांब आणि ताशीव सहा इंच चौरस.

तिचं काय करायचं, यावर सगळे गप्प होते. मग आक्का म्हणाली, "मला या लाकडाचा पाट करून द्या. याच तुळईखाली आई आपल्याला दिवाळीला ओवाळायची. भाऊबीजेला मी तुम्हाला त्याच्यावर बसवीन."

झालं! मग माईलाही हवा, वहिनींनाही हवा. दादांनी निकाल दिला, "चार घरं, घरटी चार पाट. सगळे एका मापाचे. एक सूतसुद्धा कमीजास्त नको." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुताराचं सारं जग सुतांवर चालतं.

काम दिलं ते गावातल्याच सुताराच्या मुलाला. त्याचे वडील, म्हणजे आमचे सुतारमामा, बैलगाड्या करत. बाभळीच्या लाकडाची चाकं, त्यांवर लोखंडी धाव चढवण्याचा तो सोहळा पाहायला आम्ही पोरं शाळा बुडवून जात असू. पुढं टायरच्या गाड्या आल्या, मागून ट्रॅक्टर आले, आणि मामांचं काम दारं-खिडक्यांवर आलं. मुलगा सहा वर्षं पुण्याला फर्निचरच्या कारखान्यात राबला आणि कर्ज काढून, एक जुनी पट्ट्याची करवत घेऊन गावी परतला. ती चालली तर पाटोद्यात राहायचं, नाही चालली तर बायकापोरांसह पुन्हा पुण्याची खोली, असा त्याचा हिशेब.

हिशेब आमच्या तुळईचाही होता. तो त्यानं फळीवर पेन्सिलीनं मांडून दाखवला. तुळईचे तीन-तीन फुटांचे तीन तुकडे करायचे. प्रत्येक तुकडा सहा इंच, म्हणजे 48 सूत. सहा सुतांच्या सात फळ्या म्हणजे 42 सूत. मधल्या सहा चिरांत अर्धा-अर्धा सूत भुसा होणार, ते तीन. उरलेले तीन तोंड साफ करायला. म्हणजे तीन तुकड्यांच्या 21 फळ्या. एका फळीचे दोन तुकडे शेजारी जोडले की एका पाटाचा माथा. सोळा माथ्यांना सोळा फळ्या, खालच्या पट्ट्यांना चार. एकूण वीस. गोल पात्याच्या करवतीवर प्रत्येक चिरेत सूतभर लाकूड भुशात जातं, म्हणून तिथं हा हिशेब बसत नाही. पट्टा पातळ, म्हणून बसतो. पण बसतो तो पट्टा सरळ चालला तरच. तो भटकू लागला तर प्रत्येक फळी इंचभर धरावी लागते. मग तुकड्यामागं पाच, एकूण पंधरा. सोळावा माथा नाही आणि पट्ट्या तर नाहीतच. म्हणजे कुणाच्या तरी घरी तीनच पाट! असल्या तीन पाटांवरून भावंडांची बोलणी बंद झालेली मी पाहिली आहेत, वाचकहो.

त्यानं आधी बाभळीचा एक तुकडा घातला. यंत्राबरोबर आलेली फेन्स बुटकी होती, आणि घट्ट केली तरी शेपटाकडून हलायची. फळी निघाली ती सुरुवातीला सहा सूत, शेवटाला आठ, आणि मध्ये पोट आलेलं. त्यानं यंत्र बंद केलं.

"काका, या फेन्सवर तुमची तुळई घालणार नाय मी. बाभूळ बांधावर उगवायलीय. तुमच्या आईच्या माजघराचं लाकूड कुठून आणायचं?"

दुसऱ्या कारखान्याची, स्वतंत्र विकत मिळणारी चांगली फेन्स मागवायची, असं ठरलं. पैसे मी देऊ केले. तो ऐकेना. "मशीन माझं, फेन्स माझी. तुम्ही चिराईचे द्या." मला ते आवडलं.

फेन्स आली ती लांबलचक खोक्यातून. एक लोखंडी दांडी, तिच्यावर सरकणारं डोकं, आणि डोक्याला जोडलेली ॲल्युमिनियमची पोकळ, सरळ भिंत. दांडी टेबलाच्या पुढच्या कडेला बोल्टांनी बसवायची. अर्थात दांडीची भोकं आणि टेबलाची भोकं जुळेनात. दुसऱ्या घरची सून आणि या घरची चूल पहिल्या दिवशी कधी जुळली आहे? तेव्हा टेबलाला नवी भोकं पाडणं आलं. बीड जिल्ह्यात बिडाला भोक पाडायचं, असा तो योग.

त्यानं दांडी टेबलाच्या कडेला शिकंज्यांनी धरली, टेबलाच्या पाठीपासून तिचं अंतर दोन्ही टोकांना सारखं करून घेतलं, खुणा केल्या, पंच मारला. आठ मिलिमीटरच्या बोल्टासाठी पावणेसात-सात मिलिमीटरच्या दरम्यानचं, म्हणजे 6.8 चं ड्रिल लागतं. मग टॅप फिरवून आटे पाडायचे. बीड ठिसूळ. त्याचा काळा चुरा पडतो, तेल लागत नाही. पण टॅप घाईनं फिरवला तर आतच मोडतो. अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं. एका भोकाला चहा गार होईपर्यंत वेळ लागला. दांडी बसल्यावर एका टोकाला ती किंचित खाली होती. तिथं पत्र्याची बारीक चकती घातली. मग गुण्या लावून फेन्स टेबलाशी काटकोनात आहे का ते पाहिलं, आणि सहा इंच उंच लाकूड कलंडू नये म्हणून तिला पाच इंच उंचीची प्लायची सरळ फळी जोडली.

मला वाटलं, आता फेन्स पट्ट्याला समांतर लावायची की काम फत्ते. पट्टी काढून मोजायला मी पुढंही झालो. तेवढ्यात ओट्यावर बसलेले सुतारमामा म्हणाले, "थांबा. आधी पट्टा कुनीकडं वढतो ते बघू द्या त्याला."

इथंच या विषयाची सारी मेख आहे. पट्ट्याचे दात आळीपाळीनं डावीउजवीकडं जरा वाकवलेले असतात. एका बाजूचे दात थोडे बोथट झाले, पट्टा चाकाच्या फुगीर पाठीवर थोडा पुढंमागं बसला, ताण कमी पडला, की पट्टा नाकासमोर न चिरता एका अंगाला कलून चिरतो. बाहेरून पाहाल तर तो सरळच दिसतो. आपण फेन्स मात्र पट्टीनं मोजून अगदी सरळ लावलेली. मग लाकूड फेन्सच्या बाजूनं जाऊ पाहतं, पट्टा आपल्या बाजूनं, आणि या ओढाताणीत फळीला पोट येतं. मामांनी दाखला दिला तो त्यांच्या जन्माचा. "एखादा बैल जू खांद्यावर आलं की डावीकडंच वढतो. त्याला हानून तास सरळ येत नाय. रुमनंच त्या हिशेबानं धरावं लागतं."

म्हणून क्रम असा. आधी पट्ट्याची स्वतःची खोड जेवढी दुरुस्त होईल तेवढी करायची. त्यानं पाऊण इंच रुंदीचा, इंचाला तीन दातांचा नवा पट्टा चढवला, चाक हातानं फिरवून तो चाकाच्या मध्यावर आणला, ताण दिला, आणि पट्ट्याला दोन्ही अंगांनी सावरणाऱ्या बेअरिंगांत कागदाएवढी फट ठेवली. एवढं केल्यावर जो कल उरतो तो त्या पट्ट्याचा स्वभाव. तो मोजायचा.

मोजण्याची रीत इतकी साधी की मला नवल वाटलं. सरळ कडेची एक दोन हात लांब फळी घेतली. कडेपासून इंचावर, कडेला समांतर रेघ मारली. फेन्स काढून ठेवली आणि नुसत्या हातानं रेघेवरून चिरायला सुरुवात केली. रेघ सुटू नये म्हणून हात आपोआप फळी थोडी तिरपी धरतो. फूटभर चिरून झाल्यावर यंत्र बंद केलं, फळी होती तशीच दाबून धरली आणि तिच्या कडेनं टेबलावर पेन्सिलीची रेघ ओढली. ही रेघ टेबलाच्या मानानं किंचित तिरपी आली. तोच पट्ट्याचा कल. नव्या फेन्सच्या डोक्याला दोन बोल्ट होते. ते सैल करून फेन्स त्या रेघेवर आणली आणि आवळली. जुन्या फेन्सला ही सोयच नव्हती. ती कायमची एकाच कोनात जखडलेली.

बाभळीचाच तुकडा पुन्हा घातला. सूतभर जाडीची चकती निघाली. पुढं, मध्ये, शेवटी, वर आणि खाली अशा पाच ठिकाणी मोजली. सगळीकडं सूतच. चकती उन्हाकडं धरली तर कडा उजळून दिसत होत्या. मामांनी ती हातात घेतली, बोटांनी चाचपली आणि पोराकडं न बघता म्हणाले, "घाला आता तुळई."

तुळई घालण्यापूर्वी तिच्यावरून लोहचुंबक फिरवला. जुन्या घराच्या लाकडात खिळे लपलेले असतात, आणि एक खिळा पट्ट्याच्या एका बाजूचे दात खातो. म्हणजे मेहनतीनं मोजलेला कल पुन्हा बदलला. सात खिळे निघाले. त्यांतल्या एकावर वडील कंदील टांगत. तो माईनं पदरात बांधून घेतला.

मग चिराई. एक तोंड रंध्यानं साफ केलेलं, ते फेन्सला टेकवलेलं. लाकूड हळू, एका चालीनं पुढं. पट्ट्याच्या वरची जाळी लाकडाच्या माथ्याशी येईल इतकी खाली आणलेली. शेवटचे सहा इंच बोटांनी ढकलायचे नाहीत, काठीनं ढकलायचे. हातमोजे नाहीत, लोंबती बाही नाही, गळ्यात उपरणं तर नाहीच. नाकातोंडाला फडकं मात्र हवं. पट्टा चालू असताना लाकूड मागं ओढायचं नाही. मी दाराशी उभा राहून पाहत होतो. वरचा धुराचा काळा थर सुटला आणि आतून सागाचा सोनेरी रंग आणि तो तेलकट वास बाहेर आला. आक्का पदर डोळ्यांना लावून, भुसा गेला म्हणाली.

एकवीस फळ्या निघाल्या. एकीत जुन्या खिळ्याच्या भोकापासून भेग गेली होती, ती बाजूला ठेवली. नेमक्या वीस उरल्या. त्या लगेच रंधल्या नाहीत. चिरलेल्या फळीला आतला ताण मोकळा करायला वेळ द्यावा लागतो. म्हणून मध्ये काड्या घालून, सावलीत, वर दगड ठेवून आठ दिवस रचून ठेवल्या. मगच रंधा, जोड आणि पट्ट्या.

पाट तयार झाले ते अठरा इंच लांब, साडेअकरा इंच रुंद आणि पाच सूत जाड. सोळाच्या सोळा. दादा मोजपट्टी घेऊन बसले होते. चार मोजले, पाचवा मोजला, आणि मग पट्टी खिशात ठेवून म्हणाले, "उचला रे आपापले."

वाचकहो, तुमच्यापैकी कुणाला असलं काम द्यायचं असेल तर सुताराला तीन गोष्टी विचारा. पट्टा नवा आहे का, फेन्सचा कोन बदलता येतो का, आणि पहिली चीर भंगार लाकडावर घेणार का. तिन्हींना होकार आला तर लाकूड निश्चिंतपणे त्याच्या हवाली करा. पट्टा बदलला की कल पुन्हा मोजायचा, हे त्याला सांगावं लागू नये; पण सांगितलंत तर बिघडणार नाही.

आमचे पाट पाहून गावातल्या आणखी दोन घरांनी उतरवलेल्या माळवदाच्या तुळया त्याच्या अंगणात आणून टाकल्या आहेत. एकाला देव्हारा हवा आहे, दुसऱ्याला मुलीच्या रुखवतासाठी पेटी. पुण्याच्या खोलीचा विषय यंदा तरी निघालेला नाही. आणि बाजूला ठेवलेल्या त्या एकविसाव्या फळीचं त्यानं, भेग चुकवून, एक लहानसं पाटलं केलं. ते त्यानं आम्हाला दिलं नाही. स्वतःच्या धाकट्या मुलीला दिलं. तिच्या भावाला ओवाळायला तिलाही पाट हवाच की!